केल, पॉलीन : लघुपरीक्षणे

(१९ जून १९१९–३ सप्टेंबर २००१). अमेरिकन चित्रपटसमीक्षिका. द न्यू यॉर्कर या साप्ताहिकातील प्रदीर्घ परीक्षणांमुळे तिची ख्याती झाली. तथापि तिच्या लेखनाचा फार मोठा भाग काही ओळींच्या लघुपरीक्षणांचा आहे. चित्रगृहाच्या कार्यपत्रिकेसाठी लिहिलेल्या टिपणांतून या लघुपरीक्षणांचा उगम झाला आणि पुढे किस किस बँग बँग (१९६८) व ५००१ नाइट्स ॲट द मूव्हीज (१९८२, विस्तारित आवृत्ती १९९१, म. शी. चित्रपटांच्या ५००१ रात्री) या ग्रंथांत ती संगृहीत झाली. परदेशी आणि मोठ्या निर्मितिसंस्थांच्या कक्षेबाहेरील चित्रपटांविषयी इतक्या थोड्या शब्दांत ठाम व वाचनीय मत देणारे लेखन इंग्रजीत विरळा आढळते. लघुपरीक्षण म्हणजे दीर्घ परीक्षणाचा संक्षेप, ही सामान्य समजूत तिच्या लेखनाने खोटी ठरविली. चित्रपटाचे वर्णन आणि त्याचे मूल्यमापन एकाच वाक्यात एकजीव करणे, हे तिच्या लघुपरीक्षणांचे तंत्र होय. हे तंत्र साधते तेथे ती अजोड ठरतात आणि वर्णन सुटून केवळ निवाडा उरतो तेथे ती अन्यायकारक होतात.

जीवन : केलचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील पेटलूमा या गावी झाला. तिचे आईवडील पोलंडमधून अमेरिकेत आलेले ज्यू असून पेटलूमा येथे त्यांचा कुक्कुटपालनाचा व्यवसाय होता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तिने शिक्षण घेतले. परंतु पदवी न घेताच तिने १९४० मध्ये विद्यापीठ सोडले. पुढील अनेक वर्षे मिळेल ते काम करून तिने स्वतःचा व मुलीचा निर्वाह केला. चार्ली चॅप्लिनच्या लाइमलाइट या चित्रपटावरील तिचे पहिले परीक्षण १९५३ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील सिटी लाइट्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर बर्कली येथील केपीएफए या नभोवाणी केंद्रावरून ती चित्रपटांविषयी भाषणे देऊ लागली. आय लॉस्ट इट ॲट द मूव्हीज (१९६५) हा तिचा पहिला लेखसंग्रह लोकप्रिय ठरला. १९६७ मध्ये बॉनी अँड क्लाइड या चित्रपटावरील तिचा प्रदीर्घ लेख द न्यू यॉर्करमध्ये आला व १९६८ पासून ती त्या साप्ताहिकाची नियमित समीक्षक झाली. आरंभीची अनेक वर्षे हे काम पेनेलोपी गिलिअट हिच्याबरोबर वाटून घेतलेले असल्याने वर्षातील सहाच महिने तिचे सदर येत असे. डीपर इन्टू मूव्हीज (१९७३) या संग्रहास १९७४ चे ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ हे पारितोषिक लाभले. १९७९ मध्ये ती काही काळ हॉलिवुडमध्ये सल्लागार म्हणून गेली. परंतु तेथे तिचे मन रमले नाही आणि १९८० मध्ये ती साप्ताहिकाकडे परतली. १९९१ मध्ये ती निवृत्त झाली. मॅसॅचूसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथे तिचे निधन झाले.

लघुपरीक्षणांचा उगम : १९५५ मध्ये केलचा विवाह एडवर्ड लँडबर्ग याच्याशी झाला. बर्कली येथे ‘सिनेमा गिल्ड अँड स्टुडिओ’ हे चित्रगृह तो चालवीत असे. दोन लहान प्रेक्षागृहे असलेल्या या चित्रगृहात जुने अमेरिकन चित्रपट आणि यूरोप व आशिया खंडांतील चित्रपट आलटून पालटून दाखविले जात. विवाह अल्पकाळच टिकला; तथापि १९६० च्या सुमारापर्यंत चित्रपटांची निवड करण्याचे व कार्यपत्रिका लिहिण्याचे काम केलकडे होते. ही कार्यपत्रिका चित्रगृहात ठेवली जाई व टपालाने प्रेक्षकांच्या घरीही पाठविली जाई. तीत प्रत्येक चित्रपटासाठी जागा जेमतेम काही ओळींची असे.

या परिस्थितीचा परिणाम टिपणांच्या घडणीवर झाला. त्या काळी इंग्रजी उपशीर्षके दिलेले परदेशी चित्रपट अमेरिकेतील मोजक्याच शहरांत पोहोचत. अशा चित्रपटासाठी वृत्तपत्रांत मोठी जाहिरात नसे आणि त्यातील नटनटींची नावे प्रेक्षकांना अपरिचित असत. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात प्रेक्षक आले नाहीत, तर तो चित्रपट पुन्हा त्या गावी येण्याची शक्यता थोडी. त्यामुळे कार्यपत्रिकेतील चार ओळी हाच चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यामधील एकमेव दुवा होता. चित्रगृहाची चालक या नात्याने तिकिटे खपविणे हे केलचे काम होते. परंतु नेहमीचा प्रेक्षक एकदा फसला तर पुढील कार्यपत्रिकेवर विश्वास ठेवणार नाही, हेही तिला उमगले होते. म्हणून जाहिरातीतील सरसकट स्तुती टाळून चित्रपट कशा प्रकारचा आहे व तो कोणाला रुचेल, हे सांगण्याची शैली तिने घडविली. व्यवसायाची गरज आणि समीक्षेचा प्रामाणिकपणा यांची ही सांगड पुढील सर्व लघुपरीक्षणांत टिकून राहिली. यांतील बरीच टिपणे किस किस बँग बँग या संग्रहाच्या एका विभागात पुनर्मुद्रित झाली. या संग्रहाचे नाव तिला एका इटालियन भित्तिपत्रकावरील शब्दांवरून सुचले होते. सर्वसामान्य चित्रपटांचे आवाहन या चार शब्दांत सामावलेले आहे, असे तिचे मत होते.

स्वरूप : ५००१ नाइट्स ॲट द मूव्हीज या ग्रंथात द न्यू यॉर्करच्या ‘गोइंग्ज ऑन अबाउट टाउन’ या शहरातील कार्यक्रमांची माहिती देणाऱ्या विभागासाठी लिहिलेली टिपणे प्रामुख्याने आहेत. ग्रंथनामातील संख्या अरबी सुरस कथांच्या नावाची आठवण देणारी असून ती चित्रपटांची प्रत्यक्ष गणना नव्हे. नोंदींची मांडणी वर्णक्रमानुसार आहे. एखाद्या नोंदीत दोन-तीनच वाक्ये, तर दुसरीत एक भरगच्च परिच्छेद असतो. दिग्दर्शक, लेखक, छायालेखक आणि प्रमुख नट यांची नावे वेगळ्या यादीत न देता वाक्यांच्या ओघातच गुंफलेली असतात. ज्या चित्रपटावर तिने अन्यत्र विस्ताराने लिहिले आहे, त्याच्या नोंदीअखेर संबंधित संग्रहाचा निर्देश असतो. बाह्यतः हा संदर्भग्रंथ आहे. पण त्यातील एकही नोंद तटस्थ नाही.

सर्वसाधारण संदर्भग्रंथात प्रथम कथासार, नंतर गुणदोष व अखेरीस श्रेणी असा क्रम असतो. केलने हा क्रम मोडला. तिच्या नोंदीत कथासारच गुणदोषांचे वाहक असते. कथानक सांगताना ती अशी विशेषणे व क्रियापदे योजते, की त्या कथेचा पडद्यावरील वेग, तिच्यातील विनोद वा कंटाळा वाचकाला जाणवतो. यासाठी तिने विद्यापीठीय परिभाषा टाळून अमेरिकन बोलभाषेचा आधार घेतला. या पद्धतीचा एक व्यावहारिक लाभ असा, की तिच्याशी असहमत होणाऱ्या वाचकालाही नोंद उपयोगी पडते. एखादा चित्रपट संथ, अलंकृत व भावविवश असल्याचे तिने नापसंतीने सांगितले, तरी तशा चित्रपटांची आवड असणारा वाचक त्याच वर्णनावरून चित्रगृहाची वाट धरू शकतो. निवाडा अमान्य झाला तरी पुरावा हाती राहतो.

आंतरराष्ट्रीय चित्रपट : केलची परदेशी चित्रपटांविषयीची रुची व्यापक होती, पण ती सरसकट आदराची नव्हती. कार्ल ड्रायर याच्या द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क (१९२८) या मूकपटाची गणना ती सर्वश्रेष्ठ चित्रपटांत करते आणि फाल्कोनेत्ती या अभिनेत्रीची त्यातील भूमिका चित्रपटाच्या इतिहासात बहुधा सर्वोत्कृष्ट असल्याचे सांगते. झां रन्वारच्या ग्रँड इल्यूजन (१९३७) या चित्रपटातील सुबोधता व स्वाभाविकता आणि द रूल्स ऑफ द गेम (१९३९) या चित्रपटातील समृद्ध रंजकता यांवर तिने भर दिला. थोर कलाकृती रंजक असू शकते, किंबहुना ती रंजक असण्याला संकोच वाटण्याचे कारण नाही, हा तिच्या समीक्षेचा गाभा या नोंदींतून व्यक्त होतो. आकिरा कुरोसावाच्या सेव्हन सामुराई (१९५४) या चित्रपटातील युद्धचित्रण तिने डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या द बर्थ ऑफ अ नेशन (१९१५) या चित्रपटाच्या तोडीचे मानले. व्हित्तोरिओ द सीकाच्या शूशाइन (१९४६) या चित्रपटावरील तिचे लेखन अत्यंत आत्मीय आहे. फ्रान्स्वा त्र्युफोचे शूट द पियानो प्लेयर (१९६०) व झ्यूल अँड जिम (१९६२) आणि झां-ल्यूक गोदारचे बँड ऑफ आउटसायडर्स (१९६४) व वीकेंड (१९६७) या नवप्रवाहातील चित्रपटांचा तिने हिरिरीने पुरस्कार केला.

याउलट, परदेशी चित्रपट पाहणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानणाऱ्या प्रेक्षकवर्गावर तिने कठोर टीका केली. साइट अँड साउंड या ब्रिटिश नियतकालिकातील १९६१ च्या एका लेखात आलँ रेनेच्या हिरोशिमा मों आमूर (१९५९) या चित्रपटाच्या निमित्ताने, व्यापारी चित्रपटांना हसणारा हा वर्ग स्वतःची स्वप्नरंजने उच्चभ्रू वेष्टनात कशी स्वीकारतो, याची तिने चिकित्सा केली. १९६३ मधील दुसऱ्या एका लेखात आंतोनिओनीचा ला नोत्ते, रेनेचा लास्ट इयर ॲट मारीएनबाद व फेल्लिनीचा ला दोल्चे व्हीता हे तीन चित्रपट एकत्र घेऊन, श्रीमंतांच्या मेजवान्यांतील वैफल्याला यूरोपच्या आत्म्याचे आजारपण समजण्याची प्रवृत्ती तिने उपहासाचा विषय केली. यात व्यक्तिद्वेष नव्हता. आंतोनिओनीच्याच लाव्हेन्तुरा (१९६०) या चित्रपटाला तिने त्या वर्षीच्या चित्रपटांत अग्रस्थान दिले होते. दिग्दर्शकाचे नाव ही गुणवत्तेची हमी नव्हे, हे तत्त्व तिने पाळले. अँड्रू सॅरिस याने १९६२ मध्ये दिग्दर्शकालाच चित्रपटाचा कर्ता मानणाऱ्या फ्रेंच विचाराला सिद्धान्ताचे रूप देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा केलने १९६३ मध्ये फिल्म क्वार्टर्ली या नियतकालिकातून त्याचे जोरदार खंडन केले. लघुपरीक्षणाच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व असे, की कर्ता ठरला म्हणजे नोंद आधीच निम्मी लिहून झालेली असते. केलला मात्र प्रत्येक चित्रपटाची नोंद नव्याने लिहावी लागे.

सत्यजित राय यांच्याविषयीचे लेखन : भारतीय वाचकांच्या दृष्टीने केलचे सत्यजित राय यांच्या चित्रपटांविषयीचे लेखन लक्षणीय आहे. पथेर पांचाली (१९५५) विषयीच्या छोट्याशा नोंदीत रायच्या दिग्दर्शनातील निःसंकोच सहजता, चित्रपटातील प्रेम आणि अधूनमधून डोकावणारा विनोद यांचा तिने उल्लेख केला आहे. दारिद्र्याचे चित्रण असलेल्या या कृतीतील विनोद नजरेस आणून देणे, हे तिच्या निरीक्षणशक्तीचे गमक होय. देवी (१९६०) या चित्रपटावर तिने आपल्या पहिल्याच संग्रहात लिहिले. अरण्येर दिनरात्रि (१९७०) या चित्रपटावर १९७३ मध्ये, अशनि संकेत (१९७३) वर १९७५ मध्ये आणि घरे बाइरे (१९८४) वर १९८५ मध्ये द न्यू यॉर्करमध्ये तिची परीक्षणे आली. इतर कोणत्याही दिग्दर्शकापेक्षा रायच्या चित्रपटांतून अधिक संमिश्र व गहिरा आनंद मिळतो, असा अभिप्राय तिने दिला. बंगाली समाजजीवनाच्या अभ्यासकाची भूमिका तिने घेतली नाही. भारतीय चित्रपट हा भारताविषयीची माहिती देणारा दस्तऐवज म्हणून पाहण्याची पाश्चात्त्य समीक्षकांची सवय तिने टाळली आणि रन्वारच्या चित्रपटांना लावलेली मोजपट्टीच रायच्या चित्रपटांना लावली. दूरच्या देशातील कलाकृतीचा याहून मोठा सन्मान संभवत नाही.

स्वतंत्र चित्रपट : हॉलिवुडच्या निर्मितिसंस्थांबाहेर अल्प भांडवलावर तयार होणाऱ्या अमेरिकन चित्रपटांबाबत केलची भूमिका अधिक वादग्रस्त आहे. योनास मेकास हा तिचा समकालीन १९५८ पासून द व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकातील आपल्या सदरातून अशा चित्रपटांचा प्रचारक बनला होता. नवनिर्मितीचे रोप जगविणे हे समीक्षकाचे कर्तव्य आहे, अशी त्याची धारणा होती. केलला ती मान्य नव्हती. चित्रपट स्वखर्चाने व कष्टाने केलेला आहे, ही बाब गुणांत जमा धरण्यास तिचा नकार असे. प्रायोगिक चित्रपटांतील गूढतेचा व हलगर्जीपणाचा तिने वारंवार उपहास केला. एका परीने ही समान वागणूक होती. परंतु मोठ्या चित्रपटाला प्रतिकूल अभिप्रायाचा धक्का पचविता येतो. लहान चित्रपटाला तेवढाच अभिप्राय जीवघेणा ठरू शकतो, याची दखल या समानतेत घेतली गेली नाही.

जॉन कॅसाव्हेट्स याच्या अ वुमन अंडर द इन्फ्ल्यूअन्स (१९७४) या चित्रपटाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हा चित्रपट कॅसाव्हेट्सने हॉलिवुडच्या पद्धतीबाहेर राहून निर्माण केला व त्याचे वितरणही स्वतःच केले. मनोविकारतज्ञ आर. डी. लेंग याच्या वेडेपणाविषयीच्या उपपत्तीचे हे पडद्यावरील उदाहरण आहे व जीना रोलंड्सचा अभिनय अतिरिक्त आहे, असे केलचे मत पडले. प्रेक्षकांनी मात्र चित्रपटाचे स्वागत केले. दिग्दर्शक व अभिनेत्री या दोघांनाही ‘ऑस्कर’साठी नामांकन मिळाले आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. याच्या उलट उदाहरण मार्टिन स्कॉर्सेसीच्या मीन स्ट्रीट्स (१९७३) या चित्रपटाचे. थोड्या खर्चात केलेल्या या चित्रपटाची अस्सलता केलने प्रथमदर्शनीच ओळखली व त्या तरुण दिग्दर्शकाची बाजू जोमाने मांडली. डेव्हिड लिंचच्या ब्लू व्हेल्व्हेट (१९८६) विषयीचे तिचे अनुकूल परीक्षणही असेच उल्लेखनीय आहे. तुलनेअंती असे दिसते, की पडद्यावर इंद्रियगोचर ऊर्जा असेल तेथे केलची दृष्टी अचूक ठरते. संथपणा, पुनरावृत्ती वा अवघडलेपण हीच ज्यांची कलात्मक साधने आहेत, अशा कृतींपुढे तिची सहनशीलता लवकर संपते.

मर्यादा : हीच मर्यादा परदेशी चित्रपटांच्या काही नोंदींतही आढळते. रोबेर ब्रेसाँच्या डायरी ऑफ अ कन्ट्री प्रीस्ट (१९५१) या चित्रपटाची थोरवी तिने मानली होती. परंतु त्याच्याच ओ आझार बाल्ताझार (१९६६) या चित्रपटाच्या नोंदीत, काहींना तो श्रेष्ठ कृती वाटतो, तर इतरांना कंटाळवाणा व उबग आणण्याइतका पवित्र वाटण्याचा संभव आहे, अशा आशयाचा निर्वाळा तिने दिला. येथे ‘इतरां’च्या आडून समीक्षिकाच बोलते. गाढवाच्या जीवनक्रमातून मानवी क्रौर्य दाखविणाऱ्या या चित्रपटाच्या मांडणीची कल्पना वाचकाला त्यातून फारशी येत नाही. साइट अँड साउंडने २०२२ मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात हा चित्रपट पहिल्या पन्नासांत होता. अभिरुची बदलते, हा त्या समीक्षिकेचा दोष नव्हे. वर्णनाची जागा टोमण्याने घेतली, हा मात्र दोष होय. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरील क्लोद लांझमानच्या शोआ (१९८५) या नऊ तासांहून अधिक लांबीच्या अनुबोधपटावर तिने केलेली प्रतिकूल टीकाही बरीच वादग्रस्त ठरली.

चित्रपट एकदाच पाहावा, असा आपला प्रघात असल्याचे केल सांगत असे. पहिल्या प्रतिसादाची ताजगी त्यामुळे तिच्या लेखनात आली. परंतु निवाड्याचा फेरविचार होण्याची वाटही त्यामुळे अरुंद झाली. दीर्घ परीक्षणात युक्तिवादाला वाव असतो, शंका नोंदविता येते. काही ओळींच्या नोंदीत शंकेला जागा मिळत नाही आणि कोशरूपात छापली गेल्यावर तीच नोंद कायमच्या निकालासारखी भासू लागते. व्हेन द लाइट्स गो डाउन (१९८०) या संग्रहावर रेनाटा ॲडलर हिने १९८० मध्ये द न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्समध्ये लिहिलेल्या लेखात केलच्या शैलीतील दमदाटी, अतिशयोक्ती आणि वाचकाला ‘तुम्ही’ म्हणून आपल्या बाजूला ओढण्याची लकब यांवर कडक आक्षेप घेतले. हा हल्ला अतिरेकी असला, तरी त्यातील एक मुद्दा नाकारता येत नाही : आवाजाचा जोर हा पुराव्याला पर्याय होऊ शकत नाही. सिटिझन केन या चित्रपटाच्या पटकथेचे श्रेय मुख्यतः हर्मन मँकेविच याला देणाऱ्या तिच्या १९७१ मधील प्रदीर्घ निबंधावरही असेच आक्षेप आले.

मूल्यमापन : चित्रपटांविषयी थोडक्यात मत देण्याच्या अन्य पद्धती केलच्या काळात रूढ होत्या. काये द्यु सिनेमा या फ्रेंच नियतकालिकात दहा समीक्षकांची मते तारकांच्या तक्त्यात मांडली जात. सॅरिसने द अमेरिकन सिनेमा (१९६८) या ग्रंथात दिग्दर्शकांची श्रेणीवार वर्गवारी केली. लेनर्ड मॉल्टिनची १९६९ पासून निघू लागलेली मार्गदर्शिका आणि लेस्ली हॅलिवेलची १९७७ मधील मार्गदर्शिका यांनी तारकांसह संक्षिप्त नोंदींचा परिपाठ पाडला. या सर्व पद्धतींची सोय अशी, की वाचकाला निर्णय तत्काळ मिळतो. उणीव अशी, की निर्णयाची कारणे त्यात दिसत नाहीत. केलने आपल्या नोंदींना तारका दिल्या नाहीत. तिचे मत जाणून घ्यायचे तर वाक्य वाचावे लागते आणि वाक्य वाचले म्हणजे चित्रपटाचे काही ना काही रूप डोळ्यांपुढे उभे राहते.

परदेशी आणि स्वतंत्र चित्रपटांना या फरकाचे महत्त्व अधिक आहे. प्रसिद्ध नटांचा, मोठ्या जाहिरातीचा आधार नसलेल्या कृतीला तारकांची संख्या एकतर तारते किंवा बुडविते. तिच्यात काय आहे हे सांगणारे एक नेमके वाक्य मात्र तिच्यासाठी तिचा स्वतःचा प्रेक्षक शोधून आणते. केलच्या उत्तम नोंदींनी हे कार्य केले. ड्रायर, रन्वार, राय व कुरोसावा यांच्या चित्रपटांकडे अमेरिकेतील सामान्य वाचक बिचकत न जाता उत्सुकतेने वळावा, असा सूर तिने लावला. तिच्या सदोष नोंदी त्याच साधनाचा धोका दाखवितात. कारण ज्या चार ओळी चित्रपटाला प्रेक्षक मिळवून देतात, त्याच चार ओळी त्याच्या वाटेतील दार बंदही करू शकतात. बर्कलीच्या कार्यपत्रिकेत चुकीच्या शिफारशीची किंमत पुढच्याच आठवड्यात रिकाम्या खुर्च्यांच्या रूपाने मोजावी लागे. साप्ताहिकाच्या प्रतिष्ठित पानावर ती मोजावी लागत नसे. तिची सर्वोत्कृष्ट लघुपरीक्षणे ज्या शिस्तीतून निर्माण झाली, ती शिस्त त्या जुन्या हिशेबाची होती, असे म्हणता येईल.